कापा की बरका? नाटे गावाजवळचा एक फणस

ही सहल ऐंशीच्या दशकातली. मी तेव्हा कोल्हापूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. आई आणि मी एका वाड्यात राहत होतो; शेजारच्या खोलीत शैला राहायची. ती शाळेत शिक्षिका, मूळची राजापूर तालुक्यातली, नाटे गावाजवळची. मे महिन्यात तिनं एकदम विचारलं, "येतेस का गावी? आमच्या फणसाला पहिलं फळ धरलंय. नाना म्हणतात, बरका निघाला तर झाड तोडून तिथे हापूसचं कलम लावणार. तू झाडांचंच शिकलीस ना? चल." समुद्र बघायला मिळेल म्हणून मी हो म्हटलं. फणसाचं निमित्त मला जरा हास्यास्पदच वाटलं होतं.

घाटावरच्या वाचकांसाठी सांगते: कापा म्हणजे करकरीत गऱ्यांचा फणस आणि बरका म्हणजे लिबलिबीत, घशातून आपोआप सटकणाऱ्या गऱ्यांचा. तिकडे कापा खाणारे बरक्याला फणस म्हणायलाही तयार नसतात.

सकाळच्या एसटीनं निघालो. आंबा घाटात खिडकीची जागा मिळाली तर दरी छान दिसते, पण गाडी लागत असेल तर पिशवीत लिंबू हवंच. माझ्याकडे नव्हतं. रत्नागिरीला स्टँडजवळच्या खानावळीत बांगड्याचं तिखलं आणि भात खाल्ला तेव्हा जिवात जीव आला. भाडं आणि जेवण दोन्ही मास्तरणीच्या पगाराला झेपणारं होतं. राजापूरला गाडी बदलली. पुढे नुसता सडा, म्हणजे तापलेल्या काळ्या कातळाचं पठार, आणि मग रस्ता उताराला लागला की अचानक माडांचे शेंडे. त्या भागात तेव्हा लॉज वगैरे काही नव्हतं. कुणाच्या तरी घरी उतरायचं, हीच सोय.

शैलाचे वडील, नाना, मुंबईत गिरणीत नोकरी करून गावी परतलेले. पाय धुतोय न धुतोय तोच ते मला मागच्या परसात घेऊन गेले. विहिरीजवळ तो तरुण फणस उभा होता. फळ आधीच उतरवून पडवीत पिकायला ठेवलं होतं.

"आमचा जुना कापा म्हंजे काय सांगू, बाय! गरा मोडला की आवाज यायचा," नाना म्हणाले. "वादळात पडला. त्याचीच आठळी रुजवली हिनं."

आठळी म्हणजे फणसाची बी. ती रुजवून, उन्हाळाभर पाणी घालून झाड जगवलं होतं शैलाच्या आईनं, आक्कांनी. नाना तेव्हा मुंबईत होते.

"मग आई कापा, तर लेक पण कापाच ना?" शैलानं विचारलं.

मी मान हलवली. आई ठाऊक आहे, पण फुलोऱ्यावर पराग कुठल्या झाडाचा पडला ते कुणाला माहीत? कलम म्हणजे त्याच झाडाची फांदी, तिथे फसवणूक नाही. बीचं तसं नसतं.

नाना खदखदून हसले. "म्हंजे बापाचा पत्ता नाय म्हन की!"

दुसऱ्या दिवशी शैलानं मला यशवंतगड दाखवला. जांभ्याच्या बुरुजावर वाढलेली झाडं, खाली खाडी, बंदरावर मासळीचे ढीग. जाल तर ऊन चढायच्या आत जा आणि टोपी न्या. माझं मात्र मन तिथे लागेना. सकाळी विहिरीवर आक्कांनी मला गाठलं होतं.

"बाय, तुज्या शास्त्रात पान बघून कळत नाय?"

"नाही हो, आक्का."

"मग कळत नसलं तरी सांग की, कापा हाय म्हणून. तुजं ऐकतील ते, झाड ठेवतो म्हणून शब्द देतील. फळ फोडायच्या आदी सांग."

मला ते जमलं नाही. पानात, मुळात, सालीत तोच वारसा असतो, पण गरा करकरीत ठेवायचा की मऊ करायचा, हा हुकूम फळ पिकतानाच सुटतो. कोवळ्या फणसाची, कुयरीची, भाजी केली तरी कापा-बरका ओळखू येत नाही. हे सगळं मी वर्गात फळ्यावर आकृत्या काढून शिकवत होते. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघताना मला माझ्या विषयाचा पहिल्यांदाच राग आला.

तिसऱ्या दिवशी पडवीभर वास सुटला. शेजारीपाजारी जमले. पहिलं फळ देवाला सांगितल्याशिवाय फोडत नाहीत. नानांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, जुन्या झाडाचा वंश तुज्या पायाशी आणलाय. ह्यो कापा निघू दे. म्हातारीची मेहनत वाया जाऊ देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणाले, आणि चांगलं मोठ्यानं म्हणाले. निकाल तर पराग पडला त्या दिवशीच लागला होता, हे तिथे फक्त मला माहीत होतं. तरी म्हणाले.

नानांनी हाताला तेल चोळलं, कोयती चालवली आणि बोटं आत घातली. गरा बोटांतून सटकून खाली पडला. बरका.

 आक्का पदराचं टोक पिळत उभ्या होत्या. नानांनी दुसरा गरा उचलून तोंडात टाकला आणि बराच वेळ घोळवला.

"गोडी तीच हाय," ते हळूच म्हणाले. "अगदी तीच. पण दाताखाली काय येत नाय."

"दात ऱ्हायलेत तरी किती तुमच्या तोंडात?" आक्का फाडकन म्हणाल्या. "आता कापा निघाला असता तर मीच चावून भरवायचा होता काय?"

पडवी हसून हसून लोळायची बाकी राहिली. नानाही हसले, डोळे पुसले आणि तिसऱ्या गऱ्याला हात घातला. कलमाचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाही. संध्याकाळी त्याच फणसाच्या रसात तांदळाचा रवा घालून सांदणं वाफवली आणि नानांनी ती मागून मागून खाल्ली.

परतीच्या गाडीत शैला झाड वाचलं म्हणून आनंदानं रडली. मी खिडकीबाहेर बघत बसले. झाडाच्या पोटात काय दडलंय ते शोधण्यात माझी इतकी वर्षं गेली. ते ज्याच्या तोंडात पडायचं तो माणूसही मधल्या काळात बदलत असतो, हे मी कधी हिशेबातच धरलं नव्हतं.

कोल्हापूरला आईनं पिशवी उघडली. आत आक्कांनी दिलेली फणसपोळी होती.

"कापा निघाला का गं?"

"बरका."

"अरेरे!" आई म्हणाली.

"अरेरे काय?" मी एकदम उसळले. "चांगलं जगलंय ते झाड!"