मनकर्णाबाईचा डावा कान

गोकुळला लोक पदरवाला म्हणत. शेंद्र्याच्या शिवारात, कंपन्यांच्या कुंपणाला लागून त्याचं पत्र्याचं शेड, अन् शेडात जिकडं बघावं तिकडं डोईवर पदर घेतलेल्या बाया. कुणी कच्च्या मातीची, कुणी भाजलेली, कुणी फायबरची. नाक-डोळे एकीलाही नाहीत. नुसता पदर, अन् पदराच्या आत अंधार. क्रांती चौकाजवळच्या हॉलात त्यांचं प्रदर्शन भरलं तेव्हा श्रेया नावाची कॉलेजातली पोरगी मोबाइल पुढं धरून म्हणाली, "सर, या कामामागची प्रेरणा काय?"

"माझी माय," गोकुळ म्हणाला. उत्तर पाठ झालं होतं, पण खोटं नव्हतं. "उन्हाचं रानात जाताना ती मला पदराखाली घ्यायची. कायम उजव्या अंगाला. लाल लुगड्यातून ऊन गाळून यायचं. तेवढी एकच सावली मी रंगीत पाहिली."

ती माय, मनकर्णाबाई, गेल्या पौषात गेली. अर्धांगवायूनं डावं अंग लुळं पडलं होतं. दवाखान्यात नर्सनं पदर जरा बाजूला केला की तिचा धड असलेला उजवा हात उठायचा अन् पदर पुन्हा डाव्या कानावर ओढून घ्यायचा. बोलणं गेलं, घास तोंडात ठरेना, पण हात पदर विसरला नाही. गोकुळ मान फिरवून खिडकीकडं बघत बसायचा. शेतात लिंबाखाली तिचा पुतळा बसवायचा ठरला तेव्हा त्यानं मनाशी घेतलं, या बारीला पदर नाही. जन्मभर वाहिला तिनं. आता डोक्याला वारं लागू दे.

चेहरा मातीत झरझर उतरला. कपाळावरचं गोंदण, बसलेली गालफाडं, हसू दाबून धरलेले ओठ. अडलं ते कानांपाशी. घरातल्या एकूण एक फोटोत तिचे कान पदराआड. न्हायची ती दार लावून, वेणी घालायची ती भिंतीकडं तोंड करून. शेवटी त्यानं आरसा टांगला अन् स्वतःचे कान बघून मायला लावले. सगळे म्हणायचेच, पोरगं मायवर गेलं म्हणून.

सोयगावहून कडूबाई मावशी बघायला आली. मनकर्णाबाईची धाकटी बहीण. बहिणीला शेवटची आंघोळ तिनंच घातली होती. दारातच थबकली.

"अगं माझी बाय! आता बोलंल म्हणावं तर... पण पदर कुठंय रे?"

"ह्या बारीला नाय, मावशी."

"व्हय का! जित्तेपणी कुणाम्होरं उघडी झाली नाय ती, अन् तू मेल्यावर करतो? लई शहाणा झाला प्रदर्शनं भरवून."

"ते ऱ्हाऊ दे. कान बघ. बरोबर हायेत का?"

मावशीचा आवाज एकदम खाली आला. "उजवा बरा हाय."

"अन् डावा?"

"डाव्याचं तुझ्या बापाला इचार."

"दादाला? दादानं मायकडं कधी धड बघितलं तरी असंल का?"

"त्येलाच ठाव हाय," मावशी म्हणाली. पिशवी उचलली अन् मांडलेला चहा न घेताच निघाली.

दुसऱ्या दिवशी गोकुळनं बापाला शेडात बोलावलं. रामकिसन म्हणजे एके काळी गाव ज्याला वचकून असायचं तो माणूस. आता काठी टेकत आला. माती तडकू नये म्हणून पुतळ्यावर मायचंच जुनं लुगडं ओलं करून टाकलेलं होतं. गोकुळनं ते काढलं. म्हातारा लई वेळ बघत राहिला.

"डावा कान तुमाला ठाव हाय म्हणती मावशी."

रामकिसननं काठी भिंतीला लावली. जवळ गेला. अंगठ्याचं नख मातीच्या पाळीत रोवलं अन् सरळ खाली ओढलं. पाळीचे दोन लोळे लोंबले.

"असं व्हतं."

"कशानं?"

"कानात सोन्याचं कुडकं व्हतं. मला न इचारता सोयगावला गेली. कडूबाईच्या बाळंतपणाला. आली तशी मी वढलं." नखातली माती तो धोतराला पुसत राहिला. "तू पोटात व्हता."

गोकुळनं शेडभर नजर फिरवली. एवढ्या बाया, एवढे पदर. त्याला वाटत आलं होतं, पदराच्या आत सावली असते. ती होतीच. पण मायच्या डाव्या अंगाला तो कधी चाललाच नव्हता.

"आता झाक ते," रामकिसन म्हणाला. "पदर टाक वरून. लोकं येत्याल."

गोकुळनं माती घेतली. पोळीसारखी पातळ थापली, दोन्ही तळव्यांवर तोलली अन् मायच्या डोक्यापर्यंत नेली. मग तशीच चुरगाळून टोपल्यात टाकली.

"नाय जमायचं, दादा."

"साऱ्या जगाच्या बायांवर टाकला, अन् आईवर टाकाया काय झालं?"

 गोकुळनं लुगडं पाण्यात बुडवून पिळलं अन् रोजच्यासारखं पुतळ्यावर टाकलं. ते बरोबर डाव्या कानावर येऊन बसलं. रामकिसननं काठी चाचपली, सापडायला वेळ लागला.

वर्षश्राद्धाला लिंबाखाली फायबरात ओतलेला पुतळा बसला. उघड्या डोक्याचा, फाटक्या पाळीचा. पंगत बसली. शेजारच्या शेतातला सांडू घास चावता चावता म्हणाला, "आरं गोकुळ, पेपरात फोटो येतो तुझा, अन् मायचाच कान ओतताना बिघडवला व्हय?"

दोघं-चौघं हसले. गोकुळ पाण्याचा तांब्या घेऊन पुढच्या पत्रावळीकडं सरकला.

"त्येच्या हातून नाय बिघडला," रामकिसन म्हणाला.

"मंग कुणाच्या?"

"माझ्या."

 मग कडूबाईनं आमटीची बादली उचलली अन् एकेकाला वाढत निघाली. सांडूला वाढलं, त्याच्या पोरांना वाढलं. रामकिसनची पत्रावळ आली तशी ती न थांबता पुढं गेली.