मागच्या सीटखालचा आवाज

आमच्या गॅरेजात एक रीत आहे. गिऱ्हाइकाला गाडीचा निर्णय सांगायचा असेल तर आधी हात धुवायचे, साबणानं, पार कोपरापर्यंत. बाकी काही विचारा, उस्ताद गाडीखाली झोपल्या झोपल्या उत्तर देतील. पण "हिचं आता काय करायचं?" असं कोणी विचारलं की ते उठून नळाकडे चालू लागतात. "काळ्या हातानं माणूस घाईत बोलते," एवढंच त्यांचं म्हणणं. इतकी वर्षं साबणाची वडी मी त्यांच्या हातात देत आलो. त्या दिवशी त्यांनी ती परत माझ्याच हातात ठेवली.

"मी?"

"मंग कोण? एक्सल कोणं खोलला?"

"खोलला मीच, पण..."

"मंग सांगशीन बी तूच. काहून घाबरून राहिला गा कोकण्या? काका काही तुले खात नाही."

कोकण्या हे माझं इथलं नाव. गाव कणकवलीच्या पलीकडे. शाळा नववीत सुटली आणि आंब्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो. नागपूरच्या अलीकडे ट्रकचा मागचा एक्सल तुटला, ट्रक ओढून याच गॅरेजात आणला. दुरुस्त होऊन तो गेला, मी राहिलो. उस्तादांच्या बायकोला आम्ही मावशी म्हणतो. रस्स्यात तिखट घालायच्या आधी त्या माझी वाटी वेगळी काढायच्या. आता मला इथलं तिखट सोसतं, तरी अजून काढतात. मी सांगत नाही.

तर ती गाडी. काळी, गोल पाठीची, माझ्या वडिलांच्या वयाची. काकांच्या वडिलांनी घेतलेली. काका म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, बेसाला राहतात. त्यांच्या मोठ्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला डॉक्टरांना दाखवायला धंतोलीत न्यावं लागतं. सगळेच तिला ताई म्हणतात, मीही म्हणतो. नव्या गाड्यांत शिरायचं म्हणजे गुडघा दुमडावा लागतो. या गाडीचं दार रुंद, सीट उंच, खुर्चीवर बसल्यासारखं बसता येतं. ताई मागेच बसतात, फ्रॉक घालायच्या तेव्हापासून त्यांची जागा तीच. आणि मागच्या सीटच्या बरोबर खाली असतो एक्सल.

गाडीनं चाळीसचा वेग धरला की तिथून आवाज सुरू व्हायचा. हूंऽऽ असा, दात दुखणाऱ्या माणसासारखा. अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की आवाज बदलायचा, जायचा नाही. आमच्या नाक्यावरचा चहावाला तर गाडी दिसायच्या आधीच ओरडायचा, "आली तुमची गाणारी!"

काकांनी त्यावर उपाय शोधूनच आणला होता. त्याच कंपनीच्या नंतर निघालेल्या गाडीचा एक्सल, भंगारातून काढलेला पण धडधाकट. गॅरेजच्या कोपऱ्यात तो येऊन पडला होता. भंगारवाल्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालं होतं, त्यामुळं ठेवायचा की परत द्यायचा ते त्याच दिवशी सांगायचं होतं.

खरं सांगतो, माझा जीव त्या कोपऱ्यातल्या एक्सलकडे ओढत होता. तो बसवला असता तर मला कोणी बोल लावला नसता. आवाज आला तरी दोष भंगारातल्या मालाचा. जुना पुन्हा बांधायचा म्हणजे जे होईल ते माझ्या हातचं. मी भित्रा माणूस आहे. आजही बाहेरून आलेले पोहे खाताना, रस्सा सांडेल म्हणून, आधी प्लेटीखाली कागद नीट आहे का बघतो.

पण मी जुना एक्सल उघडून पाहिला होता. त्याच्या पोटात दोन चक्रं असतात. इंजिनाकडून येणारं लहान ते पिनियन, आणि त्याला काटकोनात भिडणारं मोठं ते क्राउन. दोघांनी एकमेकांना घासत आयुष्य काढलेलं असतं, एकाला ठेवून दुसरं बदलता येत नाही, आणि ही जोडी आता बाजारात मिळत नाही. मी क्राउनच्या एकेका दातावरून नख फिरवलं. कुठं अडकलं नाही. बेअरिंगं मात्र खड्ड्या-खड्ड्यांची झाली होती. आणि पिनियनच्या मागं, जिथं मापाच्या पातळ पत्त्या हव्यात, तिथं पूर्वी कोणीतरी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून घातला होता. त्यावर डब्याचा हिरवा रंगसुद्धा होता. म्हणजे दुखणं दातांचं नव्हतं. दात चुकीच्या जागी बसवले होते.

कोपऱ्यातला एक्सल धडधाकट खरा, पण दोन्हीकडून बोटभर रुंद. तो बसवायचा तर गाडीच्या पोटाखाली कापाकापी करून नवी वेल्डिंग मारावी लागली असती. एकदा कापलेलं परत येत नाही.

मी हात धुतले. जरा जास्तच वेळ धुतले.

काका गॅरेजच्या दारात उभे होते, ताई कूलरसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत. मी दातांचं सांगितलं, पत्र्याचं सांगितलं, तो तुकडा हातात दिला.

काका म्हणाले, "हे बघ, मला जुन्याचा काही हट्ट नाही. गाडी रोज चालवायची आहे, पूजेला नाही ठेवायची. तू बांधलीस आणि आवाज राहिला तर?"

"तर ते माझ्यावर," मी म्हणालो. "पण बदलू नका. जुनाच बांधू."

आवाज माझाच होता, मलाच ओळखीचा वाटला नाही. उस्ताद दुसऱ्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून होते. त्यांनी वर पाहिलं नाही. काकांनी ताईंकडे पाहिलं.

ताई म्हणाल्या, "घाबरून राहिला नं तो, तरी बांधू म्हणतो. म्हणजे बघूनच म्हणत असेल. दे बांधू."

दुपारी भंगारवाला येऊन एक्सल घेऊन गेला. एक्सल टेम्पोत चढेपर्यंत मी बघत उभा राहिलो. उस्ताद म्हणाले, "आता पाहू नको तिकडे. गेली तुही सासुरवाडी."

बेअरिंगं मिळाली, ऑइल सील मिळालं, पत्त्या मापाच्या आणल्या. मग जुळवणी. दोन चक्रं नीट भिडतात का हे बघायची आमच्याकडची पद्धत शेंदराची. शेंदूर तेलात कालवायचा, क्राउनच्या दातांना बोटानं लावायचा आणि पिनियन हातानं फिरवायचं. जिथं दात दाताला घासतो तिथला शेंदूर पुसला जातो, स्वच्छ ठसा उमटतो. ठसा दाताच्या मधोमध आला की जमलं. पत्ती घाल, बघ, काढ, परत बघ, असं करता करता माझी बोटं नारिंगी झाली. शेवटी ठसा मधोमध आला. मी बसल्या जागी डोळे मिटले आणि उस्तादांना बोलवायला नळाकडे गेलो.

परत आलो तर काम बघायला काकांसोबत आलेल्या ताई एक्सलपाशी उभ्या. एका हातात काठी, दुसऱ्यात छोटी डबी. शेंदरी क्राउनवर हळदीची बोटं उमटली होती आणि वरून अक्षता टाकलेल्या. हात जोडून डोळे मिटलेले.

"ताई!"

"काय झालं? शेंदूर लावला तर मला वाटलं तुमची पूजा झाली. म्हटलं आपण पण करावी. ऑपरेशनच आहे नं तिचं."

काका कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, ते माप घेऊन राहिले! देव नाही तो!"

"मग शेंदूर कशाला लावायचा? निळा लावायचा नं."

उस्ताद इतके हसले की त्यांना बाकावर बसावं लागलं. तांदळाचा एक दाणासुद्धा आत राहिला तर नवं बेअरिंग गेलं. सगळं खोललं, रॉकेलनं धुतलं, सुकवलं, पुन्हा बांधलं, पुन्हा शेंदूर. आणि या वेळी ठसा मधोमध आला नाही. दाताच्या टोकाकडे सरकलेला.

पत्त्या त्याच. बेअरिंगं तीच. उस्ताद मागं उभे होते, पण मी त्यांना विचारलं नाही. पुन्हा खोललं. एकेक पत्ती उजेडात धरून पाहिली. एका पत्तीच्या कडेला मुरड पडलेली होती, नखाच्या अर्ध्याएवढी. आधीच्या बांधणीत ती योगायोगानं सपाट दबली असणार. गाडीत बसवल्यावर थोड्याच दिवसांत ती हलली असती, आणि ठसा बघायला तेव्हा कोणी आत गेलं नसतं. नवी पत्ती घातली. ठसा मधोमध. पुन्हा खोलून बांधलं, पुन्हा मधोमध.

"झालं?" उस्तादांनी विचारलं.

"झालं."

"मले विचारून राहिला का सांगून राहिला?"

"सांगतोय."

ते चहा सांगायला निघून गेले.

गाडी घेऊन आम्ही निघालो. काका गाडी चालवत होते, मी शेजारी, ताई मागे, त्यांच्या जागेवर. त्या दिवशी धंतोलीत दाखवायचंच होतं. गाडीत बसल्यापासून ताई बोलत होत्या. काका वळण उशिरा घेतात, हॉर्न उगाच वाजवतात, वडील कसे चालवायचे. काट्याकडे बघून माझी मान अवघडली. पस्तीस. चाळीस. पंचेचाळीस.

काकांना राहवलं नाही. "ताई, आवाज?"

"कोणता?"

"अगं, मागचा! येतो का?"

"तू बोलू देशील तर ऐकीन नं."

"मी बोलून राहिलो?"

मग आम्ही तिघंही गप्प. सिमेंटच्या रस्त्यावर टायरांची सळसळ तेवढी. काकांनी पाय उचलला, परत दाबला. ताई काठीवर हनुवटी ठेवून ऐकत होत्या. पार सिग्नल येईपर्यंत.

"नाही," त्या म्हणाल्या. मग ब्रेक लागला. "हे बघा, हा ब्रेक करकरतो. उजवीकडचा. हा आधीपासून होता का रे? ऐकूच नाही आला कधी."

काका इतक्या जोरात हसले की शेजारच्या स्कूटरवाल्यानं आत डोकावून पाहिलं. मी खिडकीबाहेर तोंड केलं. तिथं काही बघण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी आईला फोन केला. ती रोजचंच विचारते, "जेवलंस मां?" मी म्हटलं, "एक गाडी बांधली." "कोणाची?" म्हटलं, "काकांची." पुढचं कसं सांगायचं ते कळेना. आवाज गेला, हे सांगून कोणाला काय कळणार? पण ती म्हणाली, "आज तुझो आवाज मोठो येता." मी म्हटलं, नेटवर्क चांगलं आहे.

ती गाडी अजून येते, तेलपाण्याला. ब्रेकचं पण केलं. चहावाला आता आधी ओरडत नाही, त्याला कळतच नाही. मलाही कळत नाही. मी कुठल्यातरी स्कूटरखाली वाकलेला असतो, आणि दारात हॉर्न वाजतो तेव्हा वर बघतो, तर ती उभी. काकांना "या" म्हणायच्या आधी मी खाली वाकून एक्सलच्या ऑइल सीलवर बोट फिरवतो, तेल गळतंय का बघायला. कोरडं असतं. दर वेळी कोरडं असतं.

मग नळावर जाऊन हात धुतो, मळलेले नसले तरी.