आक्काताईंची जिवाणी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालवणारा भरतेश चौगुले रविवारी कुणाच्या लग्नालाही जात नसे. रविवार समुद्राच्या टाकीचा. दिवाणखान्यात भिंतीलगत लांबलचक काचेची पेटी होती. आत नारिंगी-पांढरे मासे, प्रवाळ, शंखातल्या गोगलगायी आणि एक तांबडी कोळंबी. घाट उतरल्याशिवाय न दिसणारा समुद्र घरात राखायचा म्हणजे काम होतं. आदल्या संध्याकाळी शुद्ध पाण्यात पुण्याहून मागवलेलं खास मीठ घालून ते पिंपात फिरत ठेवायचं. सकाळी काचेवरचं शेवाळ खरवडायचं, स्पंज पिळायचा, नळी लावून जुनं पाणी काढायचं, नव्याचा खारटपणा मोजायचा आणि ते धार बारीक ठेवून ओतायचं. यात जेवणवेळ होई.

"एवढी सेवा बस्तीत जाऊन देवाची केली असती तर पुण्य तरी लागलं असतं," बायको ब्राह्मी म्हणे.

सोबतीला बसे ती आई, आक्काताई. आठवडाभर मायलेकांचं बोलणं 'जेवलास काय' एवढ्यावर संपे. रविवारी मात्र ती बादल्या सरकवत बोलत राही: कुणाचा ऊस गेला, कुणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली. भरतेश नळीकडं बघत हुंकार देई. ऐकत असेच असं नाही.

एकदा काढलेल्या पाण्यात तिला पांढरे कण दिसले.

"कचरा किती रं ह्यात!"

"कचरा न्हवं, जीव हायत. बघ." त्यानं कौतुकानं भिंग दिलं. कण टुणटुण उड्या मारत होते.

"आगं बाई! आणि हे तू मोरीत वततोस?"

"मग काय डोक्यावर घिऊ?"

आक्काताईंचा जन्म पाणी गाळण्यात गेला होता. दुहेरी कापडातून पाणी गाळायचं आणि कापडावर उरलेले सूक्ष्म जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचे त्याच विहिरीत हळूच सोडायचे, हे त्या जैन घरात मुलींना पोळ्यांच्या आधी शिकवत. ती म्हणाली, "मी बघतो ह्या पाण्याचं."

"तुला पाहिजे तसं कर." भरतेशनं खारटपणाच्या काट्यावरची नजर उचललीही नाही.

तिनं घरातलं सगळ्यात शुद्ध भांडं घेतलं: पूजेच्या पाण्याचा तांब्याचा हंडा. काढलेलं पाणी त्यात ठेवायचं, दुपारी भरतेश यार्डातल्या मित्रांकडं गेला की गाळायचं, कापड त्याच पाण्यानं खंगाळायचं आणि ती जिवाणी तांब्याभर टाकीत सोडायची. दर रविवारी न चुकता.

पावसाळा सरता सरता तांबडी कोळंबी उताणी पडली. मग गोगलगायी काचेवरून गळाल्या. प्रवाळ मिटले ते उघडलेच नाहीत. मासे तेवढे फिरत होते. भरतेशनं ठरल्याप्रमाणे उपाय केला: पाणी जास्त बदलायला लागला. आता बुधवारीही. जितकं पाणी निघे, तितकी जिवाणी आत जाई.

पुण्याच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं, "तांबं तपासा." तपासणीच्या काचेच्या नळीतलं पाणी निळं झालं, म्हणजे तांबं होतंच. भरतेशनं टाकीची मोटर खोलली, वायरी तपासल्या, काही सापडलं नाही. मग एका दुपारी विसरलेला मोबाइल न्यायला तो परत आला. आई स्टुलावर चढून टाकीत तांब्या रिकामा करत होती. खाली हंडा होता, आतून हिरवट कळंक चढलेला.

"काय करायलीस, आई?"

"त्यांचं घर त्यांस्नी."

"आगं, खाऱ्या पाण्यात तांबं उतरतंय! इख हाय ते ह्यांस्नी!" त्याचा आवाज चढला. "सगळी तूच मारलीस."

मुंगीसाठी पाऊल वळवणारी बाई. ती स्टुलावरून सावकाश उतरली. त्या संध्याकाळी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी बस्तीत जाऊन प्रायश्चित्ताचे उपास घेतले. घरचं पाणी गाळायचं कापड ब्राह्मीच्या हातात दिलं आणि चार दिवस जाऊन येतो म्हणून लेकीकडं, श्रद्धाकडं, साताऱ्याला गेली. आली नाही. भरतेशचे रविवार सुरूच राहिले. उरलेले मासे जगवायचे होते. साताऱ्याला जायचं पुढच्या आठवड्यावर जाई. काम मात्र आता लवकर आटपे. बोलायला कुणी नव्हतं.

पुढल्या वर्षी पर्युषण पर्व संपून क्षमावाणीचा दिवस आला, तो नेमका रविवारी. सगळे एकमेकांची क्षमा मागतात तो दिवस. भरतेश गाडी काढून निघाला.

दार उघडून श्रद्धा म्हणाली, "आज मासं आजारी हायत का काय, दादा?"

आईनंच आधी हात जोडले. "उत्तम क्षमा."

"उत्तम क्षमा. आई, मी चुकलो. तुझ्यामुळं न्हाई झालं ते. मोटरीतली तार गंजलीवती." वाटभर घोकलेलं वाक्य त्यानं सांगून टाकलं.

"आजच्या दिवशी तरी खोटं बोलू नगंस. हंड्याचा हिरवा कळंक मी बी बघितला."

"तुला कुठं म्हाईत हुतं?"

"मेल्याल्या जिवाला काय त्याचं?"

तिचं ओझं उतरवेल असं एक सत्य त्याच्याकडं होतं. अडतीच्या दुकानातल्या फ्रिजमध्ये, औषधाच्या खोक्यात, गोठवलेली कोळंबी असे. दिवसाआड तीच तो माशांना घाली. आईनं विचारलं तेव्हा 'शेवाळाचा चुरा' म्हणून सांगितलं होतं. त्या घरात कोण किती जीव मारत होतं, हे आज सांगता आलं असतं. पण सांगितलं, तर आजवर ती कुठल्या घरात जेवत होती हेही तिला कळणार होतं.

"घरला चल," तो एवढंच म्हणाला.

"नगं. तुझ्या हातनं जीव जगत्यात. माझा पायगुण नगं तिथं."

त्यानं तोंड उघडलं. श्रद्धानं चहा आणून ठेवला. त्यानं चहा घेतला.

परतताना कराडजवळ त्यानं गाडी कडेला लावली. कोळंबीचं सांगायला आता शब्द जुळले होते. फोन श्रद्धानं उचलला. "आई सामायिकाला, ध्यानाला बसलीया, दादा. काय निरोप सांगू?"

"न्हाई, काय न्हाई," भरतेश म्हणाला. "पोचलो की कळवतो."