चौथ्या दिवसाचा मुक्काम

गुरुपादप्पांचा विश्वास दोनच गोष्टींवर: गळ्यातल्या लिंगावर आणि मनगटावरच्या घड्याळावर. त्यातलं घड्याळसुद्धा ते रोज सकाळी रेडिओशी ताडून बघत.

उदगीरच्या बसस्थानकावर पस्तीस वर्षं त्यांनी वाहतूक नियंत्रकाची नोकरी केली. खिडकीत बसायचं, गाडी कधी सुटली, कधी आली ते लिहायचं, आणि उशीर झाला की चालकाला कारण विचारायचं. चालक म्हणाला, पंक्चर झालं, की हा बाबा चाकापाशी जाऊन उकिडवा बसायचा. अंतर इतकं, थांबे इतके, मग ही नऊ मिनिटं कुठं सांडली? समोरचा घामाघूम व्हायचा. एकोणीसशे ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला, स्थानकावरच्या पाट्या बदलल्या, तरी हे पुढं सहा महिने ‘जि. उस्मानाबाद’ असंच लिहीत राहिले. न जाणो, उद्या फिरवलं तर! आता उदगीर जिल्हा होणार म्हणून दर सव्वीस जानेवारीला गावात बोभाटा व्हायचा. पेढा पुढं आला की ते म्हणत, “राजपत्रात येऊ दे. मग खातो.”

असा माणूस निवृत्त झाला की घरच्यांचं काय होत असेल? रत्नम्मा, म्हणजे त्यांची बायको, एवढंच म्हणायची, “स्टँड घरी आलंय माय.”

त्यात दोन हजार सोळाचा उन्हाळा आला. बोअर कोरडे, तळं कोरडं, गल्लीत टँकर यायचा तो दहा-बारा दिवसांनी. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं ही खबर साऱ्या देशानं पेपरात वाचून खरी मानली. गुरुपादप्पा एसटीनं लातूरला गेले, कुंपणाबाहेर दोन तास उभे राहिले, एका वाघिणीतनं पाणी ठिबकताना बघितलं आणि घरी येऊन म्हणाले, “हाय. पाणीच हाय.” अंगणातल्या ड्रमाला त्यांनी कडी ठोकून कुलूप घातलं होतं. किल्ली करदोड्याला. आणि आत पाण्याच्या पातळीवर रोज खडूची रेघ.

एप्रिलच्या अखेरीला लेकीचा मोबाइलवर निरोप आला. शिवगंगा, एकुलती एक. पाच वर्षांपूर्वी निलंग्याच्या मल्लिकार्जुनला दिली. तो साखर कारखान्यात केमिस्ट. त्याला मॉरिशसच्या कारखान्यात नोकरी लागली आणि दोघं तिकडं गेले. आता तिनं आईवडलांची विमानाची तिकिटं काढून पाठवली होती. मे महिन्यात सात दिवस, साऱ्या बेटाला फेरी. सोबत तीन पानांचा कार्यक्रम आणि नकाशा.

गुरुपादप्पांनी स्टँडसमोरच्या दुकानातनं तो छापून आणला. छापणाऱ्यानं एक प्रत मागं ठेवली नाही ना, तेही विचारून घेतलं. मग चष्मा पुसून, ओट्यावर मांडी घालून, लाल पेन घेऊन बसले.

“वाचा की मोठ्यानं,” रत्नम्मा भाकरी थापता थापता म्हणाली.

“हे सगळं बेट ज्वालामुखीतनं वर आलंय म्हणं.”

“आगं बया! आग निघती का आजून?”

“झोपलाय, असं लिव्हलंय. कवा झोपला, कुणी बघितलं?” किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे ते ड्यूटीवर होते. तेव्हापासून जमिनीवरही त्यांचा भरवसा नव्हता.

कार्यक्रम मात्र फर्मास होता. पहिल्या दिवशी विमानतळाजवळ मुक्काम. दुसऱ्या दिवशी दक्षिणेचा किनारा, काळ्या खडकावर आपटणाऱ्या लाटा. तिसऱ्या दिवशी शामारेल, तिथं सात रंगांची माती. चौथ्या दिवशी गंगा तलाव, ज्वालामुखीच्या जुन्या तोंडात साठलेलं पाणी आणि काठावर महादेवाची उंच मूर्ती. मुक्काम क्यूरपिप गावात. पाचव्या दिवशी राजधानी, सहाव्या दिवशी उत्तरेचा समुद्र, सातव्या दिवशी परत विमानतळ. आणि रोज सकाळी न चुकता एक ओळ: ‘सात ते आठ, अप्पांची लिंगपूजा.’

ती ओळ गुरुपादप्पांनी दोनदा वाचली. पण सवय वाईट. डोळे पुसले आणि रत्नम्माच्या डबीतला दोरा काढला.

दोरा नकाशावर ठेवून त्यांनी अंतर मोजलं. सारं बेट टोकापासून टोकापर्यंत उदगीर ते लातूर एवढं! मग रोज नवं हॉटेल कशाला? एवढ्या अंतराला माणूस सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येतो. त्यांनी मग दोरा एकेका मुक्कामावरनं फिरवला. दक्षिण झाली, पश्चिम झाली, उत्तर झाली. पूर्वेला दोरा वळलाच नाही. सातव्या दिवशीची गाडी बेटाच्या मधनं सरळ खाली येत होती. बेटाला फेरी म्हणायचं, आणि पूर्वेचा किनारा उघडाच? पूर्वेला होतं फ्लाक. फ्लाकला होता जावयाचा कारखाना. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये त्यांची लेक राहत होती.

मनात पाल चुकचुकली. सात दिवस आईबाप जाणार, आणि लेकीच्या घरी एक चहासुद्धा नाही?

मग ते एकेक ओळ उलटीपालटी करून तपासायला लागले. प्रत्येक हॉटेलाचं नाव होतं, फोन नंबर होता. चौथ्या दिवशी मात्र नुसतं ‘मुक्काम: ओळखीचं घर.’ ना नाव, ना नंबर. त्याखाली बारीक अक्षरात, ‘पूजेला पूर्वेची खिडकी आहे.’ बाकी कुठल्या खोलीची खिडकी तिला ठाऊक नव्हती. हीच कशी ठाऊक?

पस्तीस वर्षं खोटे कागद बघितलेला माणूस तो. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि तेही असल्या उन्हाळ्यात.

त्यांनी लेकीला फोन लावला. एकदा सकाळी सहाला, एकदा दुपारी, एकदा रात्री जेवणानंतर.

“जावईबापू कुठंत?”

“ड्यूटीवर, अप्पा.”

तिन्ही वेळा तेच. तेही प्रश्न पुरा व्हायच्या आत. गुरुपादप्पांनी जुनी डायरी काढली. लेकीच्या फोनची वेळ लिहून ठेवायची त्यांना खोड होती, काय करता! चार महिन्यांतले एकवीस फोन, आणि एकवीस वेळा जावई ड्यूटीवर. तिन्ही पाळ्या एकटाच करून राहिला का हा माणूस?

मारतो का? टाकली का? लेकरू परमुलखात एकटं पडलंय की काय? त्यांना भाकरी गोड लागेना. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “रत्ना, जायचं न्हाई. आदी खरं काय ते कळू दे.”

रत्नम्मा मिरच्या निवडत होती. तिचा हात थांबला. पण ‘कसलं खरं?’ असं तिनं विचारलं नाही. न विचारलेला प्रश्न गुरुपादप्पांच्या नजरेतनं सुटतो होय! हिला ठाऊक आहे, त्यांनी मनात नोंद केली. तिला बोलतं करायला ते तोंड उघडणार, तोच गल्लीत टँकरचा भोंगा वाजला.

टँकरपाशी झुंबड उडालेली. व्यंकटीनं त्यांचा पाइप आधीच लावून ठेवला होता. व्यंकटी पूर्वी एसटीत चालक होता, आता निवृत्त होऊन गल्लीच्या तोंडाला राहत होता. ड्रम भरता भरता तो म्हणाला, “साहेब, तुमी परदेशी चाललाव म्हणं. मागं टँकर आला तर काय करताव? किल्ली देऊन जावा, मी भरून ठेवतो.”

गुरुपादप्पांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. देगलूरच्या गाडीवर असताना हा रोज अकरा मिनिटं उशिरा यायचा, आणि त्यांच्याच रिपोर्टावर तीन महिने घरी बसला होता. त्यानं यांच्या पाण्याची फिकीर करावी?

“कामून रं? तुला काय पडलंय?”

“शेजार हाय म्हणून. अजून काय?”

“व्यंकटी, खरं सांग. ती अकरा मिनिटं कुठं जात होती?”

व्यंकटी हसला. “आता इचारताव? बारा वर्षांनी? आई शेतातल्या खोपटात पडून होती, साहेब. रस्त्याच्या कडंलाच शेत. घरी यायला तयार न्हवती. भाकर आन् पाण्याचा तांब्या देऊन यायचो.”

“मग तवाच का न्हाई सांगितलंस?”

“तुमी मिनिटं इचारली. आन् सांगितलं असतं, तर खरंच आजारी हाय का बगायला तुमी माणूस धाडला असता. मायला ते लई लागलं असतं.”

खरं होतं ते, गुरुपादप्पांना पटलं. धाडला असता. नक्की धाडला असता. माणूस कशाला, सुट्टी टाकून स्वतःच गेले असते आणि म्हातारीच्या उशाशी उकिडवे बसले असते. त्यांना स्वतःची शिसारी आली. ड्रम भरून वाहायला लागला तरी त्यांचं ध्यान नव्हतं, शेवटी व्यंकटीनंच पाइप काढला.

घरात येऊन ते रत्नम्माच्या पुढ्यात जमिनीवर बसले. नेहमीची खुर्ची ओढली नाही.

“शिवगंगा त्या क्वार्टरात न्हाई. कवापासनं?”

रत्नम्मानं सूप खाली ठेवलं. “गेल्या दिवाळीपासनं.”

“मारलं का त्यानं?”

“न्हाई. हात न्हाई लावला. दुसरी केली. पोरगी आपली पेटी उचलून निघाली. आता फिरायला येणाऱ्यांचे कार्यक्रम आखायच्या हापिसात काम करती. क्यूरपिपला एक खोली घेतलीया.”

“सहा महिने! आन् तू मला...” आवाज चढलाच होता. रत्नम्मानं मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याच तोऱ्यात विचारलं, “काय केलं असतंव तुमी? सांगा की! त्याला फोन, तिला फोन, ह्याचं त्याला ताडून बगितलं असतंव. कोण कवा काय बोललं, तारीख सांग, टायम सांग. पोरगी मनली, अव्वा, मला अजून माजं मलाच नीट सांगता यीना, अप्पांना जबाब कसा देऊ?”

गुरुपादप्पांची नजर फोनच्या वेळा लिहिलेल्या डायरीकडं गेली.

“म्हणून तिनं असं ठरवलं,” रत्नम्माचा आवाज आता भिजला, “पयले तीन दिवस तुमाला हिंडवायचं, हसवायचं. चौथ्या दिवशी म्हादेवापुढं सांगायचं, आन् मग खोलीवर न्यायचं. देवापुढं अप्पा वरडत न्हाईत, मनली.”

त्यांनी ती तीन पानं पुन्हा हातात घेतली. लाल पेनाच्या खुणांनी कागद भरला होता. चालक मंडळी त्यांच्या भीतीनं लॉगशीट भरायची, मिनिट न् मिनिट, खिडकीत पास व्हावं म्हणून. लेकीनंही तसंच भरून पाठवलं होतं. फक्त त्या चौथ्या दिवशी तिच्यानं राहवलं नाही. खिडकीचं लिहून गेली. बापाला तिथं बसून पूजा करताना तिनं किती वेळा डोळ्यांपुढं आणलं असेल! गुरुपादप्पा लहान मुलासारखे रडले. रत्नम्मानं पदर दिला आणि तीही रडली.

मग ते उठले, करदोड्याची किल्ली सोडली आणि गल्लीच्या तोंडाला जाऊन व्यंकटीच्या हातात ठेवली. येऊन लेकीला फोन लावला.

“अप्पा?” आवाज खिडकीपुढं उभ्या राहिलेल्या चालकासारखाच. “ते ड्यूटीवर...”

“त्याचं न्हाई इचारत मी. कार्यक्रम बगितला. लई झ्याक हाय.”

“खरंच? मग टँकरचं काय? पाळी चुकंल की आपली.”

“व्यंकटी भरतो. किल्ली देऊन आलो त्याला.”

“तुम्ही? किल्ली दिली?” पलीकडं शिवगंगाचा आवाज बारीक झाला. “अप्पा, काय झालं? तब्येत बरी हाय ना? अव्वा कुठंय? खरं सांगा.”

“आता तू नको इचारपूस करू, माजे माय.” गुरुपादप्पांना रडता रडता हसू आलं. “एकच दुरुस्ती हाय. लिहून घे. चौथ्या दिवसाचा मुक्काम पयल्या दिवशी घे. विमानतळावरनं थेट.”

पलीकडून काहीच आवाज आला नाही. किती वेळ गेला ते गुरुपादप्पांनी मोजलं नाही.

“अप्पा,” शेवटी ती म्हणाली, “खोली लई लहान हाय.”

“पूर्वेची खिडकी हाय ना?”

“हाय.”

“मग आमाला बास झालं. बाकीचं तुला सांगावं वाटंल तवा सांग, बाळा. न्हाई सांगितलंस तरी चालंल.”