बाहेर बसवणारा माणूस

ते रागावले की त्यांच्या बोलण्यातला आदर वाढायचा. एरवी सगळ्यांना अरे-तुरे करणारा हा माणूस कुणी पास चुकवला की शांतपणे म्हणे, "आपण दमला असाल. बसावं." त्या 'आपण'ला आम्ही शिवीपेक्षा जास्त भीत असू. मैदानाच्या कडेला असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

तरुणपणी ते एका कारखान्याच्या फुटबॉल संघात लेफ्ट विंगला खेळत. गुडघा गेला आणि ते आमच्या पेठेतल्या क्लबचे मॅनेजर झाले. मॅनेजर म्हणजे संघ निवडायचा, जर्सी धुवायच्या, फाटलेली जाळीही शिवायची.

कसबा पेठेत माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. शून्यातून उभं केलंय, त्यामुळे घासाघीस करणाऱ्याला मी सहसा जिंकू देत नाही. ते भाव करतच नसत. चेंडू पाण्याच्या बादलीत दाबून ठेवत, तासभर माझ्याच स्टुलावर बसत, मग एकेक हातात तोलून पाहत. आठातले दोन हमखास परत. मी आवाज चढवला की म्हणत, "तुझं बरोबर आहे रे. चेंडू पाणी पितोय."

माझा राग मात्र चेंडूंवरून नव्हता. त्यांच्या संघात मी बॅकला खेळायचो. फायनलला माझे वडील स्वारगेटच्या हमालीतून सुट्टी काढून पहिल्यांदा मैदानावर आले, आणि त्याच दिवशी मॅनेजरांनी मला बाहेर बसवलं. कारण विचारलं तर म्हणाले, "तू रागात पाय घालतोस. एखाद्याचं हाड मोडशील." आम्ही जिंकलो, हे तर आणखी वाईट. घरी जाताना वडिलांनी विचारलं, "तिथं तुझं काम काय असतं मग?" पुन्हा वडील कधी मैदानावर आले नाहीत. फायनलला चिडलेला बॅकच लागतो, असं माझं आजही मत आहे.

गेल्या महिन्यात मॅनेजर गेले. शोकसभेत सगळे बोलले. मी उठलो नाही.

सहा वर्षांपूर्वी क्लबला त्यांच्या जागी प्रमाणपत्रवाला कोच हवा होता. समितीत आम्ही पाच जण. दोघे त्यांच्या बाजूनं, दोघे विरुद्ध. पाचवा हात माझा होता. मी तो विरुद्ध वर केला. मग निरोपही मीच सांगायचा ठरलं, कारण मला तोडून बोलता येतं.

सकाळी गेलो तर ते एकटेच चुन्याची फक्की टाकून मैदानाच्या रेषा आखत होते. दुपारी आमचाच सामना होता. इतक्या वर्षांत तयार करून ठेवलेली वाक्यं होती, पण बोललो एवढंच, "क्लबनं नवा माणूस घेतलाय."

"तुझं मत?"

"नवा."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "पेनल्टी बॉक्स राहिलाय. एकट्याला दोरी सरळ येत नाही. ते टोक धर."

मी धरलं. दोरीच्या कडेनं, दुखरा पाय ओढत, ते फक्की सोडत गेले. एकदाच म्हणाले, "ढिली सोडू नकोस." सगळ्या रेषा होईपर्यंत मी दोरी ताणून धरली.

मग त्यांनी दोरी गुंडाळली आणि क्लबच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. फाटक समोरच होतं, मैदान ओलांडलं की झालं. पण चुना विस्कटू नये म्हणून ते बाहेरच्या कडेनं, सगळ्या मैदानाला वळसा घालून, लंगडत गेले.