भाऊंचा बर्फ

हातात काहीही हलकं आलं, की भाऊ ते डोक्याच्या वर नेऊन सोडत आणि पडताना बघत. मुरमुरा, बसचं तिकीट, कडुलिंबाचं पान. मग मान हलवून म्हणत, "पडते, पण घाई करते."

तुमच्याही मंडळात असा एखादा असेलच. नाटक आपलं, घाम त्याचा. आमच्या रायपूरच्या मराठी मंडळात तो मान भाऊंचा होता. सिलतऱ्याच्या एका कारखान्यात फिटर, घर भनपुरीला, मूळचे भंडाऱ्याकडचे. मी शंकर नगरच्या एका ऑफिसात साहेब, आणि एकदा मनाली पाहून आलेलो, म्हणून मंडळाचा दिग्दर्शक. बर्फ पाहिलेला दुसरा माणूसच नव्हता हो!

त्या वर्षी स्पर्धेसाठी मी नाटक लिहिलं. लडाखच्या चौकीवर जवान मुलाला शोधत गेलेली आई, शेवटी तिचं पाच मिनिटांचं स्वगत आणि वरून पडणारा बर्फ. आईचं काम वहिनींकडे, म्हणजे भाऊंच्या बायकोकडे. त्यांच्या तोडीची नटी मंडळात नव्हती. पण तीन वर्षांपासून त्यांना दमा होता. जराशी धूळ गेली की खोकल्याची उबळ यायची. डॉक्टरांनी नाटक बंद करायला सांगितलं होतं. वहिनी म्हणाल्या, "हे एक करून घेतो, मंग बसतो घरी."

बर्फाचं काम भाऊंनी मागून घेतलं. मला वाटलं, हौस असेल.

मी थर्माकोल किसून आणला. भाऊंनी मूठभर सोडून पाहिला आणि तळहाताला चिकटलेली भुकटी माझ्यापुढे धरली. "नाई चालत." लग्नात फेस उडवणारं मशीन आणू म्हटलं. "त्याचा वास छातीत बसते, सर." कापसाचे तंतू उडत होते. मुरमुरे तर नटमंडळींनी तालमीतच फस्त केले. शेवटी माझं डोकं फिरलं. "अहो भाऊ, मला बर्फ पाहिजे, औषध नकोय!"

ते शांतपणे म्हणाले, "माह्या कामाच्या कपड्यायची काळी धूळ तिनं वीस वर्षं झटकली अन् धुतली, सर. ते तिच्या छातीत गेली. आता माह्या बर्फाची नाई गेली पाहिजे. तिचं बोलणं शेवटपर्यंत झालं पाहिजे."

मी चहा मागवला.

पंधरा दिवसांनी बर्फ तयार झाला. पातळ पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांचे नखाएवढे तुकडे, कात्रीनं कापलेले, धुतलेले आणि घरात मच्छरदाणीच्या आत वाळवलेले, कारण आमच्याकडे गच्चीवर काहीही पांढरं ठेवलं की कारखान्यांच्या काजळीनं तासाभरात राखाडी होतं. चिरा पाडलेल्या चादरीत ते भरून चादर वर टांगायची आणि विंगेतून दोरी हलवायची. नियम एकच. खाली पडलेला बर्फ परत वापरायचा नाही, झाडूबरोबर स्टेजची धूळ येते.

रंगीत तालमीत तो बर्फ इतका सावकाश उतरला, की मला माझी मनाली खोटी वाटायला लागली. वहिनींनी स्वगत एका दमात पूर्ण केलं. भाऊ विंगेत डोळे पुसत होते.

आणि मला तो बर्फ थोडा विरळ वाटला. स्पर्धा होती ना! प्रयोगाच्या आधी भाऊ वहिनींना बाहेर मोकळ्या हवेत घेऊन गेले होते, तेव्हा मी तालमीचा झाडून ठेवलेला बर्फ, दोन पोती, चादरीत ओतला. कुणाला बोललो नाही.

दाट बर्फ पडला. प्रेक्षकांतून "वा!" आलं. तिसऱ्या मिनिटाला वहिनी खोकल्या, मग खोकतच राहिल्या. बर्फ एकदम थांबला. मी विंगेतून ओरडतोय, "दोरी! दोरी!" आणि भाऊ दोरी सोडून सरळ स्टेजवर. ड्युटीवरून थेट आलेले, अंगात कारखान्याचा खाकी ड्रेस. त्यांनी वहिनींना छातीशी धरलं, तोंडाला पंप लावला. पडदा पडला. टाळ्या थांबेनात. लोकांना वाटलं, जवान मुलगा भेटला!

परीक्षक म्हणाले, असा अस्सल शेवट पाहिला नव्हता. दिग्दर्शनाचं पहिलं बक्षीस मला. मी ते घेतलं, वर चार शब्दही बोललो. वहिनींची शेवटची वाक्यं मात्र राहूनच गेली. त्या पुन्हा स्टेजवर उभ्या राहिल्या नाहीत.

काही महिन्यांनी भाऊंनी नोकरी सोडली आणि गावी जायला निघाले. मी भनपुरीला निरोप द्यायला गेलो. सामान गाडीत चढलं होतं, वहिनी पुढे बसल्या होत्या. भाऊंनी मला बाजूला घेतलं.

"सर, एक गोष्ट डोक्यातून जाऊनच नाई राहिली. मी तीनदा धुतला होता बर्फ. मंग धूळ काहून राहिली असन? माहंच काही चुकलं."

आता सांग, आता तरी सांग, असं मी स्वतःला म्हणत होतो. लाज वाटत होती, आणि बक्षीस घरी दिवाणखान्यात होतं.

"होतं असं कधी कधी, भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, गाडीत बसले, वहिनींच्या बाजूची काच हात लांब करून वर केली, आणि गाडी निघाली.