नानासाहेबांच्या माडीवरचे बस्ते

नानासाहेब वैरागडकर यांना मी प्रथम पाहिले ते आमच्याच घरी, जेवणाच्या पंगतीत. ते नुकतेच वकील होऊन ब्रह्मपुरीहून चांद्याला आले होते आणि माझ्या वडिलांच्या हाताखाली काम शिकू लागले होते. मी तेव्हा शाळेत होतो. वडिलांच्या उजव्या हाताचा पाट माझा असे. त्या दिवशी त्यावर नानासाहेब बसले होते आणि दोघे एका बेदखलीच्या दाव्याविषयी बोलत होते. वडील जेवताना बोलतात, हे मला त्या दिवशी कळले.

पुढे मीही वकील झालो. नानासाहेबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मंडळाने मला लिहायला सांगितले. इतर लेखक त्यांच्याविषयी आदराने लिहितील. मीही आदरानेच लिहितो. परंतु त्या आदरात हेवा किती आहे हे आमच्या वकीलमंडळींना ठाऊक आहे, म्हणून तो झाकत नाही.

त्यांच्या वकिलीबद्दल मी अधिक सांगायला नको. सांगायचे आहे ते त्यांच्या माडीबद्दल. आपल्या जिल्ह्यात एखादा वकील वारला की त्याचे बस्ते, म्हणजे लाल फडक्यात बांधलेले खटल्यांचे गठ्ठे, वर्षभरात संपतात. काही चुलीत जातात, काही वाण्याकडे. नानासाहेब गेली कित्येक वर्षे अशा घरी जाऊन ते मागून आणतात. एकदा वडशाला त्यांच्याबरोबर मी गेलो होतो. तिथल्या एका दिवंगत वकिलांच्या पत्नीने सगळे कागद घंगाळात भिजत घातले होते. लगदा करून, त्यात मेथ्या वाटून घालून, टोपल्या लिंपायच्या होत्या. नानासाहेबांनी कोट काढला, बाह्या वर केल्या आणि एकेक कागद सोडवून अंगणातल्या दोरीवर वाळत घातला. बदल्यात आपल्या घरची वर्तमानपत्रे पाठवण्याचे कबूल केले.

बाई म्हणाल्या, "रद्दीच पाहिजे होती तं आधी सांगाचं, भाऊ. माह्या मेथ्या वाया गेल्या नं."

वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर नानासाहेबांनी मेथ्याही पाठवल्या.

माझे वडील गेले तेव्हा मला वाटले होते की त्यांचे बस्ते तरी माझ्याकडे राहतील. शेवटच्या आजारात त्यांनी मला जवळ बोलावले. मी कान लावला. ते म्हणाले, "बस्ते नानाकडे पोचते कर." दुसरे काही म्हणाले नाहीत. तेरावा झाल्यावर मी बैलगाडी बोलावून ते पोचते केले. गाडी निघताना आई ओट्यावर उभी होती. "पोरासाठी खुर्ची ठेवली अन् नानासाठी संसार," एवढेच ती बोलली.

वडिलांची ती खुर्ची अजून माझ्या कचेरीत आहे. मी तिच्यावर बसत नाही.

आईही गेल्यावर घर फार रिकामे वाटू लागले, आणि एका सकाळी मी नानासाहेबांकडे जाऊन वडिलांचे कागद परत मागितले. ते जराही रागावले नाहीत. "तुमचंच आहे, घेऊन जा," म्हणाले आणि मला माडीवर नेले. तिथे वडिलांचा एकही बस्ता मला ओळखता आला नाही. नानासाहेबांनी सगळे सोडून नव्याने बांधले होते: वकिलाच्या नावाने नाही, सालाने नाही, गावाच्या नावाने. खेड्यातल्या माणसाला खटल्याचे साल आठवत नाही, वकीलही आठवत नाही. गाव मात्र सांगता येते, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे वडिलांचा दावा आणि त्यावर दाजीसाहेबांचा जबाब एकाच फडक्यात होते. दाजीसाहेब मालगुजारांचे, म्हणजे गावांच्या जमीनदारांचे, वकील. वडिलांनी त्यांच्या हातचे पाणीसुद्धा कधी घेतले नाही.

मी म्हणालो, "या दोघांना तुम्ही एकत्र बांधलंत?"

"जन्मभर एका बाकावर बसले नाहीत. आता बसा म्हटलं."

मला हसू आले नाही. आम्ही कागद वेगळे करायला बसलो. नानासाहेब काढून देत होते आणि मी वडिलांचे अक्षर पाहून माझ्या बाजूला ठेवत होतो. पोंभुर्ण्याकडच्या एका गावाचा बस्ता निम्मा झाला असेल, तेवढ्यात त्याच गावचे सोमाजी नावाचे शेतकरी जिना चढून आले.

"तलावाचं पानी आता फुकट नाई म्हनते, साहेब," ते म्हणाले. "मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला. हक्क असन तं कागद आना म्हनते. धान तं वाळून राह्यला. आमी कोनता कागद आनाव?"

मी लगेच वडिलांचा दावा उचलला. गावाला तलावाचे पाणी मोफत मिळण्याचा हक्क आहे, असे त्यात सुंदर अक्षरात लिहिले होते. नानासाहेब हळूच म्हणाले, "हे आपलं म्हणणं झालं. म्हणण्याला पुरावा म्हणत नाहीत." मग त्यांनी दुसऱ्या बाजूचा, दाजीसाहेबांचा जबाब मला वाचायला दिला. मालगुजारांच्या वतीने त्यात कबूल केले होते की गावकरी धानाला तलावाचे पाणी पूर्वापार मोफत घेतात. वाद फक्त मासळीचा आहे.

सोमाजींनी विचारले, "मंग हाय का कागद?"

"हाव, आहे," नानासाहेब म्हणाले. "आणि वकील हे. तुमच्या गावाचा दावा यांच्या वडिलांनी चालवला होता."

सोमाजींनी माझ्याकडे नीट पाहिले. "बापासारकेच दिसता. पन ते लई बोलत."

ते काम मी चालवले. पाणी सुटले, धान वाचला. त्याचे श्रेय नानासाहेबांनी कुठेही घेतले नाही, आणि खरे सांगायचे तर त्याचाही मला हेवा वाटला. त्या सकाळी सोमाजी खाली उतरल्यावर मी माझ्या बाजूचे कागद उचलून दाजीसाहेबांच्या कागदांवर ठेवले आणि फडके बांधले. नानासाहेबांनी गाठ तपासली, थोडी आवळली आणि बस्ता फळीवर ठेवला. मी रिकाम्या हाताने घरी आलो.

आता महिन्यातून एक-दोनदा मी त्या माडीवर जाऊन बसतो. वडिलांचे अक्षर मला तिथेच वाचायला मिळते. कधी नानासाहेब वडिलांची एखादी आठवण सांगतात. ती बहुधा मला ठाऊक नसते.

नानासाहेबांना दीर्घ आयुष्य लाभो, त्यांची नजर स्वच्छ राहो आणि तो उभा जिना चढण्याचे बळ त्यांच्या गुडघ्यांत राहो. त्यांच्यानंतर माडीची किल्ली कोणाकडे जाईल, हे त्यांनी अद्याप कोणाला सांगितलेले नाही. ती माझ्याकडे यावी, असे मला वाटते. आणि ती फार फार उशिरा यावी, हेही मी तितक्याच मनापासून लिहितो.